खरवडलेल्या शब्दांची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. जावा बेटावर, मेर्बाबू डोंगराच्या उतारावर, सालातिगा नावाचे गाव आहे. तिथल्या एका शिंप्याच्या दुकानावर ऊन खात आणि पावसात भिजत मी बरेचसे आयुष्य काढले. मित्रांनो, पाट्या बहुधा आपल्या रंगाची आणि वळणदार अक्षरांची बढाई मारतात. माझ्याजवळ आता रंगही धड उरलेला नाही. मला सांगायचे आहे ते माझ्या भीतीविषयी. काच फुटल्याचा आवाज झाला की अजूनही माझ्या अंगातली रेघ न् रेघ आखडते. ती भीती कुठून आली, ते ऐका.

मूळची मी सागाची. एका मोडक्या कपाटाचे दार होते मी. पाक लेगिमान (पाक म्हणजे काका, वडीलधाऱ्याला आमच्याकडे तसे म्हणतात) या शिंप्याने मला बाजारातून उचलून आणले, दोन्ही कडा कापून सरळ केल्या आणि रंगाऱ्यापुढे आडवे टाकले. रंगाऱ्याने माझ्यावर निळा रंग दिला. वर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'शिंपी लेगिमान' असे लिहिले आणि विचारले, "खाली काय घालू? काय काय शिवतोस ते सांग, म्हणजे जागा आखता येईल."

लेगिमानने फारसा विचार केला नाही. तोंडात जसे आले तसे सांगत गेला. चेलाना म्हणजे विजार. केमेजा म्हणजे सदरा. जास म्हणजे कोट. रोक म्हणजे बायका कमरेपासून खाली घालतात तो घागरा. आणि काओस म्हणजे विणलेल्या सुताची बनियन. रंगाऱ्याने हे पाचही शब्द एकाखाली एक काढले. पांढरा रंग त्याने जाड, दोनदा दिला. "निळा उडेल, पण अक्षरं राहतील," असे तो म्हणाला. त्या वेळी ही गोष्ट मला फार चांगली वाटली होती.

लेगिमान तेव्हा तिशीतला होता. पाठीत किंचित वाकलेला. त्याचे बोलणे इतके हळू की गिऱ्हाइकाला पुढे झुकून ऐकावे लागे. त्याची बायको तुमिरा काजे करायची, बटणे लावायची आणि दोघांच्या वाट्याचे बोलायचीही. दुकानापुढून घोडागाड्या जात. आठवड्याच्या बाजाराला डोंगरावरची माणसे कोबी आणि तंबाखू घेऊन उतरत, आणि त्यांतले एखादे तरी माझ्यापुढे थांबून बोट दाखवत दाखवत वाचे. वाचून झाले की त्याचा चेहरा उजळे, कारण पाचही शब्द त्याच्या रोजच्या तोंडातले असत. मला त्याचा फार आनंद व्हायचा.

हे शब्द कुठून आले, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला नोन्या, म्हणजे बाईसाहेब, तेरप्स्त्रा या डच बाईमुळे. तेव्हा बेटावर डचांचे राज्य होते आणि तिचा नवरा रबराच्या मळ्यावर मोठा साहेब होता. उंच, लांब पावले टाकणारी, मोठ्याने बोलणारी बाई. नवऱ्याबरोबर थंडीत मायदेशी जायचे म्हणून तिने त्याच्यासाठी एक जास शिवायला टाकला. लेगिमानने आठवडाभर खपून पांढऱ्या सुती कापडाचा, पातळ अस्तराचा, अंगाबरोबर बसणारा सुरेख जास शिवला. दुसऱ्या दिवशी ती तो हातावर टाकून परत आली.

"लेगिमान, हे काय केलंस? तिकडे बर्फ पडतो. या फडक्यात माझा नवरा गारठून मरेल."

लेगिमान पुटपुटला, "नोन्या, तुम्ही जासच म्हणालात."

"मी यास म्हणाले. यास म्हणजे जाड, लोकरीचा, घोट्यापर्यंतचा. सगळ्या कपड्यांवरून घालायचा."

पडद्यामागून तुमिरा बोलली, "मग कांबळं म्हणायचं होतं, नोन्या. आमच्याकडे जास घालून माणूस लग्नाला जातो, बर्फात झोपायला नाही."

नोन्याला हसू आवरेना. पुढे ती पुष्कळदा आली. येताजाता माझ्याकडे बघायची, आणि शेवटच्या शब्दापाशी, म्हणजे काओसपाशी आली की ओठ दाबून हसायची. का, ते तिने कधी सांगितले नाही. पण मला त्या दिवसापासून एक बारीकशी धास्ती लागून राहिली. माझ्या अंगावरचे काही शब्द समुद्रापलीकडचे आहेत, इथे येऊन त्यांनी आपला अर्थ बदलला आहे, हे मला कळले होते. परक्या घरचे आपल्याकडे आहे, एखाद्या दिवशी कुणी तरी मागायला येईल, असे वाटत राहायचे.

आणि तसेच झाले, फक्त मागायला आले ते भलतेच.

लढाई सुरू झाली. एका मार्च महिन्यात जपानी सैन्याच्या मोटारी गावात शिरल्या. आधी डच पुरुषांना धरून नेले. मग बायकामुलांना वरच्या रस्त्यावरच्या काही घरांत कोंबून त्या घरांभोवती बांबूचे तट्टे आणि काटेरी तार लावली. आणि मग हुकूम निघाला की शत्रूची भाषा कुणाच्या दारावर, दुकानावर किंवा जिभेवर दिसता कामा नये.

त्या हुकमाचा कागद घेऊन आमच्या रस्त्यावर आला तो पाक हार्जोमो. हा गावच्या कचेरीतला कारकून. पूर्वी तो डच इतके झोकात बोलायचा की पाठमोरा उभा असला तर कुणी डच साहेबच समजावे. आता तीच भाषा त्याच्या जिवावर उठली होती. आपण बदललो हे दाखवण्यासाठी त्याला रोज काही तरी करून दाखवावे लागे. त्याचा शर्ट नेहमी घामाने पाठीला चिकटलेला असायचा, आणि सालातिगाची हवा तर थंड आहे, मित्रांनो.

त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिले. "जास काढ. रोक काढ."

"मग जासला म्हणू काय?" लेगिमानने विचारले.

"काही पण म्हण. नाही तर शिवू नकोस."

लेगिमानने दुकानाचे दार ओढून घेतले, मला उतरवले आणि बाटली फोडून तिच्या काचेने ते दोन शब्द खरवडायला सुरुवात केली. काच लाकडावरून ओढली जाताना जो आवाज होतो, तो तुम्ही ऐकला असेल. मी तो आतून ऐकला. काच कुठे खोल जाई तर कुठे निसटून जाई. पांढरा रंग पूड होऊन त्याच्या मांडीवर पडत होता.

थोड्याच दिवसांनी हार्जोमो पुन्हा आला. त्याला काओसचीही शंका आली होती. तो खरवडला. मग तो केमेजापाशी अडला. हा शब्द बहुतेक पोर्तुगीज लोकांचा, असे तो म्हणाला.

"पोर्तुगीज आपले शत्रू आहेत का?" लेगिमानने अगदी मनापासून विचारले.

हार्जोमोने पुढेमागे पाहिले. "ठाऊक नाही. काढून टाक."

शेवटी राहिला चेलाना. तो कुठला, असे हार्जोमोने विचारले तेव्हा तुमिरा म्हणाली, "माझ्या सासऱ्याचा. ते हयातभर तेच घालत होते." हार्जोमो हसला नाही. पण तो शब्द त्याने सोडला.

तर आता माझ्यावर शिंप्याचे नाव आणि एक विजार एवढेच उरले. आणि मग जे सुरू झाले ते खरवडण्याहून वाईट होते. शब्द पाटीवरून गेले, पण कपडे माणसांच्या अंगावर होतेच. एक नर्स रोकची शिवण उसवली म्हणून आली. दुकानात तिघेच होते, तरी ती तो शब्द उच्चारेना. "ते... कमरेपासून खालचं," ती म्हणाली. लेगिमानने रस्त्याकडे नजर टाकली आणि तसेच उत्तर दिले, "कमरेपासून खालचं. बरं." म्हातारे लोक जासला 'लग्नातलं ते' म्हणू लागले. एकदा लेगिमानची धाकटी मुलगी सुलास्त्री रस्त्यात उभी राहून ओरडली, "आई, माझा काओस वाळला का?" तुमिरा धावत बाहेर आली आणि तिने त्या पोरीच्या तोंडावर चापट मारली. मग तिला पोटाशी घेऊन आत गेली आणि स्वतःच रडत बसली. मुलीला काही कळेना. काओसला काओस म्हटले तर आई मारते, एवढेच ती शिकली.

पुढे पुढे तर कापडच मिळेनासे झाले. लोक गोणपाट घेऊन येऊ लागले. तांदळाच्या रिकाम्या पोत्यांचे कपडे लेगिमान शिवायचा. ते अंगाला टोचायचे, त्यांत उवा व्हायच्या. पोत्याला काय म्हणायचे याची मात्र कुणाला भीती नव्हती.

आता जे झाले ते माझ्याच अंगावर झाले आणि मला ते थांबवता आले नाही.

रंगाऱ्याने पांढरी अक्षरे जाड रंगवली होती हे मी सांगितलेच. इतकी वर्षे निळा रंग उडत गेला, त्याखालचे लाकूड उन्हापावसाने झिजले. अक्षरांखालचे लाकूड मात्र रंगाच्या पांघरुणाखाली शाबूत राहिले. लेगिमानने रंग खरवडला, पण अक्षरांच्या जागी लाकूड कागदाच्या जाडीएवढे उंच राहिले होते. एक पावसाळा त्यावरून गेला आणि ते आणखी उठून आले. भर दुपारी काहीच दिसत नसे. पण सकाळी डोंगरामागून ऊन तिरपे येई तेव्हा माझ्या छातीवर बारीक सावल्या पडत. खरवडलेला शब्द न् शब्द वाचता येई.

हे पहिल्यांदा पाहिले सुलास्त्रीने. ती नुकतीच शाळेत अक्षरे शिकत होती. ओट्यावर बसून ती एकेक अक्षर लावून वाचू लागली, आणि आत यंत्राचा आवाज बंद पडला. लेगिमान बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिले. माणसाच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरते म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिले.

त्याने मला खोबरेल आणि काजळीने माखले. वाळल्यावर अक्षरे आणखी काळी, आणखी स्पष्ट दिसू लागली. तुमिरा म्हणाली की ही पाटी चुलीत घालू. लेगिमान म्हणाला की प्रत्येक दुकानाची पाटी कचेरीत नोंदलेली आहे, नाहीशी झाली तर आधी तेच विचारतील. पोते टाकून झाकली तर लपवल्यासारखे दिसेल. रंधा मारून सपाट करणे हा एकच उपाय होता. पण ज्याच्याकडे रंधा होता त्या सुताराला लष्कराच्या कामावर कुठेतरी नेले होते. तो येईपर्यंत थांबणे भाग होते. लेगिमान रोज सकाळी ऊन वर चढेपर्यंत माझ्याखाली उभा राही आणि कुणी आले की त्याला बोलत बोलत आत नेई. मी वर टांगलेली. माझ्या अंगावरची ती अक्षरे आत ओढून घेण्याची काही सोय असती तर मी घेतली असती. ज्याने मला बाजारातून उचलून आणले, त्याच्या गळ्याशी मीच येणार, या विचाराने मला एकही सकाळ सोसवत नव्हती.

आणि एका सकाळी एक जपानी हवालदार आला. कुणी चुगली केली नव्हती. त्याने हातात आणलेल्या विजारीची शिवण उसवली होती, एवढेच. दुभाष्या म्हणून हार्जोमो बरोबर होता. लेगिमान शिवण घालत असताना हवालदार दारात उभा राहून सिगारेट ओढू लागला, आणि ओढता ओढता त्याने मान वर केली.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने स्टूल मागवले, त्यावर चढला आणि माझ्यावर तळहात फिरवला. तळहात गरम आणि खरखरीत होता. तो एकेका अक्षरावर थांबत गेला. त्या हाताखाली मला माझे लाकूड फुटेल असे वाटले.

खाली उतरून त्याने हार्जोमोला काही विचारले. हार्जोमो पांढराफटक पडला, कारण हा रस्ता साफ झाला असे कचेरीत सांगणारा तोच. हे शब्द डच आहेत का, असे हवालदाराने विचारले होते.

"हो, साहेब," हार्जोमो म्हणाला. "मी काढायला सांगितलं होतं. यानं दडवून ठेवले."

लेगिमानला रस्त्यात गुडघ्यांवर बसवले. समोरच्या दुकानांची दारे अर्धी लोटली गेली. असे नेलेले लोक परत येत नाहीत हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. 

तुमिरा पुढे झाली. "साहेब, हे शब्द आमचे आहेत. माझी आई जासच म्हणायची. तिला डच भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं."

हार्जोमोने ते जपानीत सांगितले. हवालदार एकदा तिच्याकडे, एकदा हार्जोमोकडे पाहू लागला. त्याला या दोघांपैकी कुणाचाच भरवसा वाटत नव्हता.

तेवढ्यात वरच्या रस्त्याकडून, तिथल्या तारेच्या कोंडवाड्यातल्या डच बायकांची रांग आली. त्यांना रोज भाजीच्या शेतावर राबायला नेत. खांद्यावर कुदळी, पायांत लाकडी खडावा, बरोबर काठीवाला पहारेकरी. हवालदाराने रांग थांबवली आणि सगळ्यांत उंच बाईला बोट दाखवून पुढे बोलावले.

मी तिला ओळखले नाही. केस कापलेले, गाल आत गेलेले, अंगावर पडद्याच्या कापडाचे काही तरी. ती कमरेत वाकून उभी राहिली, जपान्यांपुढे तसे वाकावेच लागे. वाचायला सांगितल्यावर तिने डोके वर केले, तेव्हा कळले की ही नोन्या तेरप्स्त्रा आहे. तिने आधी मला पाहिले. मग खाली गुडघ्यांवर बसलेल्या लेगिमानला पाहिले. ओळख तिने कुठेच दाखवली नाही.

हे तुमच्या भाषेतले शब्द आहेत का, असा प्रश्न होता. खोटे बोललीस तर काय होईल, हे पहारेकऱ्याच्या काठीने आधीच सांगितले होते.

"केमेजा आमचा नाही," ती इथल्या मलाय भाषेत म्हणाली. आवाज पूर्वीसारखा मोठा राहिला नव्हता. "जासही नाही. आमच्याकडे यास असतो. जाड, लोकरीचा, घोट्यापर्यंत, बर्फात घालायचा. हा माणूस शिवतो तो पातळ, लग्नाचा. आणि लिहितानाही इथे पाटीवर सुरुवातीला जे डी अक्षर घातलंय, ते आम्ही घालत नाही."

मग ती एकदम शेवटच्या शब्दावर गेली. "काओस. याच्यासारखा आमच्याकडे एक शब्द आहे, पण तो आम्ही पायांत घालतो. मोजे. इथले लोक तो छातीवर घालतात."

मागच्या रांगेत कुणाला तरी हसू फुटले आणि लगेच गिळले गेले. हवालदार मात्र हसला नाही. त्याने आपली काठी उचलली आणि जास आणि काओस यांच्या मधल्या शब्दावर टेकवली. तिने रोक गाळला होता, हे त्याच्या ध्यानात आले होते.

नोन्याने हात मागे घेऊन एकमेकांत गुंतवले. मी उंचावर होते म्हणून मला दिसले, की ती बोटे पार निळी पडेपर्यंत आवळली गेली होती.

"रोक म्हणजे पुरुषांचा काळा कोट," ती म्हणाली. "मोठ्या मेजवानीचा. मागे दोन शेपट्या लोंबतात. हा इथे बायकांसाठी काही तरी दुसरंच शिवतो."

हवालदाराने हार्जोमोला विचारले, हे खरे आहे का. हार्जोमो नोन्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे. त्याच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला आणि तिथून खाली पडला.

"खरं आहे, साहेब," तो म्हणाला.

मग मघाशी हो का म्हणालास, असे हवालदाराने दरडावून विचारले. हार्जोमो म्हणाला की मी नुसत्या आवाजावरून बोललो, अर्थ पाहिला नव्हता. त्याच क्षणी त्याच्या गालावर अशी थप्पड बसली की तो स्टुलावर जाऊन आदळला. हवालदाराने काठी जमिनीवर आपटली आणि विचारले, मग हे शब्द आहेत कुणाचे.

उत्तर तुमिराने दिले. "आम्ही शिवतो, आम्ही घालतो, फाटलं की आम्हीच ठिगळ लावतो. मग दुसऱ्या कुणाचे असणार?"

हार्जोमोने गाल धरून ते सांगितले. हवालदाराने आपली विजार घेतली, पाटी सपाट कर असे लेगिमानला बजावले आणि निघून गेला. रांगही हलली. उशीर झाला म्हणून पहारेकऱ्याने नोन्याच्या पाठीत काठी मारली. ती अडखळली, सावरली आणि चालू लागली. तिने मागे वळून पाहिले नाही. लेगिमानला उठवायला तुमिरा आणि शेजारचा कासार, दोघे लागले.

दोन दिवसांनी भर दुपारी हार्जोमो दुकानात आला. गाल अजून सुजलेला होता. त्याने पाणी मागितले, प्यायला, आणि मग इतके दिवस ज्या शब्दासाठी त्याने सगळ्यांना छळले तोच शब्द तो उच्चारला.

"रोक. त्यांच्या भाषेत बायकांच्या घागऱ्यालाही रोकच म्हणतात. तोच शब्द, तोच अर्थ. काही एक बदललेलं नाही. शेपटीच्या कोटाला म्हणतात हे खरं आहे, पण ते अर्धं."

लेगिमानची सुई थांबली. "नोन्याला हे माहीत होतं?"

"डच बाईला रोक माहीत नसेल? आणि मला माहीत आहे, हेही तिला माहीत होतं. मी डच बोलणारा माणूस, हे सगळं गाव जाणतं. मी नाही म्हटलं असतं तर तिला तिथंच संपवलं असतं."

"मग तुम्ही हो का म्हणालात?" तुमिराने विचारले.

हार्जोमोने रिकामा पेला खाली ठेवला. "सांगता येत नाही, बाई." तो उठला आणि नमस्कार न करताच गेला.

त्यानंतर तुमिरा सकाळी भाजीच्या शेताच्या वाटेवर, झुडपाच्या बुंध्याशी, केळीच्या पानात गुंडाळलेला उकडलेला कसाव्याचा कंद ठेवून येऊ लागली. पकडली गेली असती तर काय झाले असते हे तिला माहीत होते. ती परत येईपर्यंत लेगिमान यंत्रावर नुसते पाय ठेवून बसे, चालवत नसे. पुडके कुणी उचलले, नोन्याने की दुसऱ्या कुणी, हे कधीच कळले नाही. मग एक दिवस सगळ्या बायकांना मोटारींत घालून दुसऱ्या गावच्या कोंडवाड्यात नेले. तुमिरा आणि लेगिमान रस्त्याच्या कडेला उभे होते, पण मोटारींवर ताडपत्री होती. लढाई संपल्यावर लेगिमानने चर्चमध्ये चौकशी केली, जिथे जिथे कोंडवाडे होते तिथे जाऊन विचारले. तेरप्स्त्रा नावाची उंच बाई जिवंत राहिली की नाही, हे कुणालाच सांगता आले नाही.

मला मात्र रंधा लागला नाही. सुतार परत आलाच नाही, आणि हवालदाराची बदली झाली. लेगिमानने मला लाल मातीने लिंपून ठेवले आणि दिवस काढले.

देश मोकळा झाल्यावर लेगिमानने पुन्हा रंगारी बोलावला. या वेळी सगळे शब्द परत लिहायचे होते. रंगाऱ्याने क्रम विचारला. लेगिमान म्हणाला, रोक सगळ्यांत वर घाल. एवढा तोकडा शब्द वर चांगला दिसत नाही, लांबडा शब्द वर घेऊ, असे रंगारी समजावू लागला. लेगिमानने आयुष्यात क्वचितच आवाज चढवला असेल. त्या दिवशी त्याने चढवला.

दुकान पुन्हा चालू लागले. लोक मोठ्याने काओस मागू लागले, जास मागू लागले. लेगिमानची भीती मात्र गेली नाही. कुणी रस्त्यात थांबून माझ्याकडे पाहू लागले की आत यंत्र बंद व्हायचे आणि तो माणूस पुढे जाईपर्यंत बंदच राहायचे. म्हातारपणी त्याला ऐकू येईनासे झाले, तरी ते त्याला कसे कळायचे कोण जाणे. तो गेला तेव्हा सुलास्त्रीने दुकान चालवले. मग तयार कपड्यांची दुकाने झाली, शिवून घेणारे राहिले नाहीत, आणि मला उतरवून मागच्या पडवीत भिंतीला टेकवले गेले. तिथे आता कोंबड्या माझ्यावर बसतात. वाळवीने एक कोपरा धरला आहे. परवा सुलास्त्रीचा नातू म्हणत होता की हे सागाचे लाकूड आहे, यंत्राने तासून काढले तर छान टेबल होईल. म्हातारी सुलास्त्री कोंबड्यांना दाणे टाकत होती, तिला ऐकू गेले नसेल. मी मात्र ऐकले.

मित्रांनो, जुनी पाटी घरात पडलेली असेल तर तिच्यावर काच किंवा रंधा चालवण्याची घाई करू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात तिला एकदा बाहेर काढा आणि तिच्यावरून हलक्या हाताने तळवा फिरवा. वर काही दिसत नसले तरी तळव्याला कळेल. तिथे लिहिलेला शब्द कुठल्या देशातून आला आणि वाटेत कशाचा काय झाला, हे नंतर विचारता येईल. तो शब्द उच्चारून कुणी जीव धोक्यात घातला होता का, हे आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती आहेत तोवर विचारा.